माणूस माणसाशी असा का वागतो ?



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो मनाला सुख देणारा नाही. वर्षावासाच्या दिवसांत आपण विहारात जमतो ते धम्माचे चार शब्द कानी पडावेत आणि मन निवावे म्हणून. अशा वेळी मागील दुःखांची आणि मनुष्यस्वभावातील काळोखाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात उभा राहील. घरातील वडीलधारी माणसेही असेच म्हणतात. माझी आई आपल्या लहानपणाविषयी आपण होऊन कधी बोलत नसे. आम्ही भावंडांनी फारच आग्रह धरला, तर "झाले गेले, आता कशाला उकरून काढता ?" एवढे म्हणून ती हातातल्या कामाकडे वळे. आपल्या लेकरांच्या मनात विष कालवले जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता, हे मला पुढे समजले.

हेतू चांगला होता; परंतु अशा मौनाचा परिणाम मात्र चांगला होत नाही. ज्या घरात मागचे काहीच सांगितले जात नाही, तेथील मुले ऐकीव गोष्टींवरून आपले आपणच निष्कर्ष काढतात. एकाला वाटते, आपले पूर्वज दुबळे होते म्हणून त्यांनी सारे निमूटपणे सोसले. दुसऱ्याला वाटते, ज्यांनी छळ केला ती माणसे नव्हतीच, ते राक्षस होते. हे दोन्ही निष्कर्ष खोटे आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिल्याने स्वाभिमान मरतो, दुसऱ्याने विवेक मरतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना तर या प्रश्नाकडे डोळेझाक करून चालणारच नाही. 'आपण जुना धर्म का सोडला ?' असे उद्या तुमचा मुलगा तुम्हाला विचारील. त्या वेळी त्याच्या पदरात शिव्याशाप नव्हे, तर खरे उत्तर पडले पाहिजे.

ते कसे द्यावे याचा वस्तुपाठ परमपूज्य बाबासाहेबांनी घालून दिला आहे. त्यांनी आपल्या आणि आपल्या समाजबांधवांच्या अनुभवांच्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परदेशी माणसाला नुसते वर्णन करून समजत नाही. म्हणून घडलेले प्रसंगच त्याच्यापुढे मांडावेत, हा त्या लेखनामागील विचार होता. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते पुस्तिकारूपाने छापले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तेथील विद्यार्थ्यांनाही ते वाचावयास दिले गेले आहे. पुस्तिका लहान आहे. तीत आक्रोश नाही, शाप नाहीत. काय घडले, कोण काय म्हणाले, भाडे किती मागितले, पाणी कोठे मिळाले नाही, हे सारे न्यायालयात साक्षीदाराने सांगावे तसे सांगितले आहे. त्यातील काही प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेही असतील. आज ते मी पुन्हा सांगणार आहे, ते त्यातील दुःखासाठी नव्हे. त्या प्रसंगांत जी माणसे बाबासाहेबांच्या समोर उभी राहिली, त्या माणसांकडे आज आपण नीट निरखून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. आई वारली होती. वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून होते आणि मुले साताऱ्यास राहत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी गोरेगावला यावे असे वडिलांनी कळविले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे अशा थाटात मुले आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. निरोपाचे पत्र वडिलांना वेळेवर मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यावयास कोणीही आले नाही. तासभर वाट पाहून मुले कावरीबावरी झाली. तेव्हा स्टेशनमास्तर जवळ आला. त्याने आपुलकीने विचारपूस केली. चांगल्या कपड्यांवरून ही ब्राह्मणाची मुले असावीत असा त्याचा समज झाला होता. मग त्याने जात विचारली आणि मुलांनी सरळपणे सांगून टाकले, "आम्ही महार आहोत."

बंधु-भगिनींनो, त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा पालटला. तो थक्क झाला, त्याच्या तोंडावर किळस उमटली आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. मुले तीच होती. त्यांचे कपडे, त्यांचे वय, त्यांची अडचण, सारे तेच होते. फक्त एक शब्द उच्चारला गेला होता. माणसाच्या मनात आधीच उगवलेली दया एका शब्दासरशी कशी विझते, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार ?

पण प्रसंग येथे संपत नाही आणि पुढचा भाग आपण बहुधा विसरतो. अर्ध्या तासाने तोच स्टेशनमास्तर परत आला. त्याने मुलांसाठी गाडीवानांशी बोलणे केले. एकही गाडीवान बाटायला तयार होईना, तेव्हा त्यानेच तोड काढली : मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. म्हणजे तो मनुष्य अगदीच निर्दय नव्हता. त्याला मुलांची काळजी होती. परंतु त्याच्या काळजीला एक कुंपण होते, आणि त्या कुंपणाच्या आत राहून जेवढी मदत करता येईल तेवढीच त्याने केली. ते कुंपण ओलांडावे असे त्याला सुचलेसुद्धा नाही. मुले रात्रभर त्या गाडीत होती. बरोबर फराळाचा डबा भरलेला होता, पण प्यावयास पाणी नव्हते. वाटेतील टोलनाक्यावर 'आम्ही मुसलमान आहोत' असे सांगून पाणी मागून पाहिले, तेथेही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती तहानलेली मुले गोरेगावला पोहोचली.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दाराशी उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत चालते होण्याचे त्यांनी बजावले. बाबासाहेबांचे दोन मित्र त्या शहरात होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, 'तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील.' ख्रिस्ती मित्र म्हणाला, 'मला माझ्या पत्नीला विचारावे लागेल.' ते दाम्पत्य मूळचे ब्राह्मण होते. बाबासाहेबांना अर्थ समजला. पुढे गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. काठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा मला या दोन मित्रांची उत्तरे अधिक विचार करण्यासारखी वाटतात. कोणीही 'मी तुम्हाला घेणार नाही' असे म्हटले नाही. एकाने नोकरांचे नाव सांगितले, दुसऱ्याने पत्नीचे. अन्याय करणारा मनुष्य बहुधा असाच असतो. आपल्या हातून होणाऱ्या अन्यायाचा धनी तो दुसऱ्याला करतो.

तिसरा प्रसंग काठेवाडातील आहे. तो बाबासाहेबांचा स्वतःचा नव्हे. अस्पृश्य मुलांना शिकविणाऱ्या एका शिक्षकाने तो पत्रातून कळविला होता आणि ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत येण्यास तयार नव्हता. गावातील प्रतिष्ठितांनी शब्द टाकला तेव्हा तो आला, पण वस्तीत शिरणार नाही या अटीवर. ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्यात आले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती दिले, नवऱ्याने पत्नीला लावले आणि त्याच क्रमाने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्युमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठविले आणि दोन रुपये फी घेतली. पुढे दुखणे बळावले तेव्हा तो फिरकला नाही. ती बाई मरण पावली.

मायभगिनींनो, हा डॉक्टर शिकलेला होता. रोग कशाने होतो आणि कशाने होत नाही, हे इतर कोणाहीपेक्षा त्याला अधिक ठाऊक होते. नाडीला हात लावल्याने विटाळ होत नाही, हे त्याची विद्या त्याला सांगत होती. पण विद्या बुद्धीपर्यंतच पोहोचली होती आणि विटाळ हाडीमाशी खिळला होता. शिक्षणाने माणूस आपोआप माणुसकीला येतो, असे जे आपण समजतो, त्या समजुतीला हा प्रसंग मोठाच धक्का देतो. म्हणूनच बाबासाहेब विद्येबरोबर नेहमी प्रज्ञा, शील आणि करुणा यांचा आग्रह धरीत.

आणखी दोन प्रसंगांचा उल्लेख करून पुढे जातो. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये चाळीसगावी बॅरिस्टर आंबेडकरांना टांग्यात बसवून न्यावयास एकही टांगेवाला तयार झाला नाही. महारवाड्यातील माणसाने सवय नसताना टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याजवळील हौदाच्या पाण्याने सहकाऱ्यांसह त्यांनी हातपाय धुतले, तेव्हा 'पाणी बाटविले' असा ओरडा करीत मुसलमानांचा जमाव धावून आला. हिंदू, पारशी, ख्रिस्ती, मुसलमान असे सारे या एका पुस्तिकेत येऊन जातात. जी रूढी एका धर्माने जन्माला घातली, तिची लागण साऱ्या देशाला झाली. आणि टांगेवाला तरी कोण होता ? गरीब, कष्टकरी, पोटासाठी दिवसभर घोड्यामागे राबणारा. त्याला कोणीही मान देत नव्हते. तरीदेखील एका बॅरिस्टरपेक्षा आपण उंच आहोत, हे समाधान समाजाने त्याला बहाल केले होते. जातीची उतरंड टिकते ती याच युक्तीवर. सर्वांत खालचे मडके सोडले, तर प्रत्येक मडक्याच्या खाली आणखी एक मडके असते. माणसाला भाकरी कमी दिली तरी चालते, पण तुच्छ लेखण्यासाठी कोणीतरी दिला की तो व्यवस्थेविरुद्ध बंड करीत नाही.

साधी, संसारी, चारचौघांसारखी माणसे इतकी निष्ठुर कशी होतात, हा प्रश्न केवळ आपल्या देशापुढचा नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या सत्तेने लाखो ज्यूंची हत्या केली. त्या कामात कारकून होते, रेल्वेचे नोकर होते, पोलीस होते. युद्धानंतर साऱ्या जगाने हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली काही प्रयोग सुरू केले. चाळीस साध्या नागरिकांना एकेक करून बोलावण्यात आले. पलीकडच्या खोलीत बसलेला मनुष्य उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यावयाचा आणि प्रत्येक चुकीला झटका वाढवीत न्यावयाचा, असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात विजेचा झटका कोणालाच बसत नव्हता, पण बटण दाबणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. शेजारी उभा असलेला अधिकारी फक्त 'पुढे चालू ठेवा' एवढेच म्हणे. चाळिसांपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांतले कित्येक घामाघूम झाले, थरथरले, तरीही बटण दाबीत राहिले.

या प्रयोगांवर पुढे आक्षेपही घेतले गेले. तथापि त्यातील दोन गोष्टी आपण मनात ठेवण्यासारख्या आहेत. झटका सोसणारा मनुष्य त्याच खोलीत समोर बसविला, तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांची संख्या बरीच घटली. त्याचा हात आपल्या हाताने धरावा लागला, तेव्हा ती आणखी घटली. म्हणजे क्रौर्याला अंतर लागते. आता आपल्या वाडवडिलांची वस्ती गावकुसाबाहेर का ठेवली होती, याचा विचार करा. थर्मामीटर तीन हातांतून का गेले, याचा विचार करा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बटण दाबणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघांना बसविले आणि त्या दोघांनी मध्येच 'आम्ही हे करणार नाही' असे म्हणून काम सोडले, तेव्हा चाळिसांपैकी केवळ चारच जण शेवटपर्यंत गेले. दुसऱ्या कोणीतरी नकार दिलेला पाहिला की पुष्कळांचे धैर्य जागे होते. मसूरच्या स्टेशनवर अधिकारी म्हणून कोणी उभा नव्हता. 'पुढे चालू ठेवा' असे कोणी म्हणत नव्हते. रूढी ही अशी आज्ञा आहे, की जी देणारा दिसत नाही, पण पाळणारे मात्र सर्व असतात. त्या दिवशी तेथे 'हे मी करणार नाही' असे म्हणणारा एक गाडीवान जरी निघाला असता, तरी ती मुले तहानेली राहिली नसती.

ही गोष्ट तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. माणूस जन्मतः पापी आहे, असे त्यांनी सांगितले नाही. जन्मतः शुद्ध आणि जन्मतः अशुद्ध अशी विभागणी तर त्यांनी साफ नाकारली. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे प्रत्येकाच्या मनात असतात आणि मनावर पहारा ठेवला नाही तर ती फोफावतात, अशी त्यांची शिकवण आहे. स्टेशनमास्तराच्या मनात द्वेष नव्हता, मोह होता. मोह म्हणजे डोळ्यांसमोर मूल दिसत असून त्याच्या जागी जात दिसणे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे, ते या दृष्टीने वाचा. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. संघाच्या सभेत बसलेले सारे लोक सुसंस्कृत, घरंदाज होते. सिद्धार्थाने ठरावाला विरोध केला. दोन्ही बाजूंचा दोष आहे, पंच नेमून तंटा मिटवावा, असे त्याने सुचविले. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सैन्यात दाखल हो, नाही तर तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार पडेल आणि जमिनी जप्त होतील, असा धाक घालण्यात आला. बहिष्काराचे हे हत्यार आपल्या ओळखीचे आहे. सिद्धार्थाने कुटुंबावर आपत्ती येऊ दिली नाही आणि अन्यायातही भाग घेतला नाही. त्याने घर सोडले. धम्माच्या इतिहासाचे पहिले पान असे एका माणसाच्या नकाराने उघडते, आणि तो नकारही पाण्यासाठी माणसे मारण्याला दिलेला आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले, काळ बदलला. काळ बदलला हे खरे आहे आणि तो आपोआप बदललेला नाही. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. परंतु २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी या गावी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची गावातल्याच जमावाने हत्या केली, हेही आपल्याच काळात घडले. ते मारेकरी परके नव्हते. त्यांच्या आणि त्या कुटुंबाच्या वाटा रोज एकमेकांना छेदत होत्या. कायदा कागदावर असतो आणि जमाव माणसांच्या मनातून उठतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. घटनात्मक नीती ही माणसाला उपजत मिळणारी भावना नाही, ती प्रयत्नाने जोपासावी लागते, असे त्यांनी सांगितले होते. माणूस स्वभावतः चांगलाच वागेल असा भरवसा त्यांनी कधीच बाळगला नाही. म्हणून त्यांनी आपल्याला कायदाही दिला आणि धम्मही दिला. कायदा बाहेरून हात धरतो, धम्म आतून.

येथपर्यंत मी इतरांविषयी बोललो. ते ऐकताना मान डोलावणे सोपे होते. आता आपल्या घरात येऊ या. ज्या अर्थी हा काळोख मनुष्यस्वभावातील आहे, त्या अर्थी तो आपल्याला सोडून गेलेला नाही. मनातला मळ केवळ दीक्षाविधीने धुतला जात नाही. मुलीचे लग्न ठरविण्याची वेळ आली की, ज्याने पोटजात केव्हाच टाकली असे आपण समजत होतो, तो गृहस्थ हळूच विचारतो, 'पण ते मूळचे कोण ?' तो प्रश्न ऐकताना मला मसूरचे स्टेशन दिसते. मुलगा शिकलेला, सुशील, निर्व्यसनी. तोपर्यंत सासऱ्याच्या तोंडावर हसू. मग एक शब्द उच्चारला जातो आणि चेहरा पालटतो. तेव्हा त्या स्टेशनमास्तरात आणि आपल्यात फरक काय उरला ? 'माझी काही हरकत नाही हो, पण घरातली बायकामाणसे ऐकणार नाहीत,' असे आपण म्हणतो, तेव्हा बडोद्याच्या त्या दोन मित्रांचीच भाषा आपल्या तोंडून येत असते. तुमच्या दारी कचरा न्यायला येणाऱ्या माणसाने पाणी मागितले, तर ते कोणत्या भांड्यातून दिले जाते ? ते भांडे नंतर कोठे ठेवले जाते ? सुनेच्या ताटात कोण आणि किती वाढते ? शेजारच्या झोपडीत नव्याने आलेल्या कुटुंबाची भाषा निराळी आहे, म्हणून आपली मुले त्यांच्या मुलांना काय म्हणून हाक मारतात ? या प्रश्नांची उत्तरे मला नकोत. ती ज्याची त्याने आपल्या घरी जाऊन द्यावयाची आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्यांत सर्व माणसे समान आहेत हे मानण्याची एक प्रतिज्ञा आहे, आणि समतेच्या स्थापनेसाठी झटण्याची दुसरी आहे. पहिली ओठांनी पाळता येते, दुसरी हातांनी पाळावी लागते.

आणखी एक काळोख आहे, तो म्हणजे सूडाचा. ज्याने सोसले, त्याच्या मनात संताप असणे स्वाभाविक आहे आणि अन्यायाची चीड असलीच पाहिजे. अन्याय विसरा असे धम्म कधीही सांगत नाही. पण चीड आणि द्वेष या दोन वस्तू निराळ्या आहेत. चीड अन्यायावर असते, द्वेष माणसाच्या जन्मावर असतो. ज्या क्षणी आपण म्हणतो, 'त्या जातीत जन्मलेला प्रत्येक जण तसाच', त्या क्षणी आपण ज्या शास्त्राला अग्नी दिला, त्याच शास्त्राचा सिद्धांत उचलून धरतो. अंगुलिमालाची कथा आठवा. ज्याच्या नावाने रानेच्या राने ओसाड पडली, तोही बदलू शकतो, असा तथागतांनी विश्वास ठेवला आणि तो भिक्षु झाला. पण कथा तेवढ्यावर संपत नाही. भिक्षेला गेलेल्या त्या अंगुलिमालाला लोकांनी दगड मारले, त्याचे डोके फुटले. तथागतांनी त्याला ते सोसावयास सांगितले. त्याच्या कृत्याचा हिशेब त्यांनी पुसून टाकला नाही आणि त्याच्यासाठी दारही बंद केले नाही. अपराध्याला शासन व्हावे, त्यासाठी पोलीस ठाण्याची आणि न्यायालयाची पायरी न भिता चढावी. पण बदलू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावू नये. दोन्ही गोष्टी एकदम करणे कठीण आहे, हे मी जाणतो. सोपे असते तर धम्माची गरज काय होती ?

म्हणून शेवटी तीन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की आपल्या घरातील वृद्ध माणसे जिवंत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या आठवणी विचारून घ्या. गाव कोणते, साल कोणते, पाणी कोठून आणावे लागे, कोण काय म्हणाले, हे सारे वहीत उतरवून ठेवा. बाबासाहेबांनी लिहिले तसे, पदरचे न घालता आणि काही न लपवता लिहा. एखाद्याने मदत केली असेल तर तेही लिहा. कोण्या माउलीने चोरून ओंजळभर पाणी घातले असेल, तर तिचीही नोंद झाली पाहिजे. कारण कुंपण ओलांडता येते याचा तो पुरावा आहे. दुसरी गोष्ट, मुलांना हे सांगताना कोणत्याही माणसाला राक्षस म्हणू नका. राक्षसापासून शिकण्यासारखे काही नसते, माणसापासून असते. तिसरी गोष्ट, आपल्या वस्तीत, आपल्या कचेरीत, आपल्या सोयरिकीच्या बैठकीत जेव्हा कोणाला तो जुना शब्द विचारला जाईल, तेव्हा 'हे मी करणार नाही' असे म्हणणारे पहिले आपण व्हा. एकट्याचा नकार लहान वाटतो. पण शेजारचा मनुष्य तो ऐकत असतो, आणि त्याच्याही ओठांवर तेच शब्द असतात.

तथागतांनी आपणास स्वतःच स्वतःचा दिवा व्हावयास सांगितले. दिवा उजेड देतो, तेव्हा पहिल्याने आपलेच घर दिसते. कोठे जळमटे आहेत, कोठे पाणी झिरपते, सारे दिसते. ते पाहण्याचे धैर्य तुम्हा-आम्हा सर्वांच्या अंगी येवो, एवढीच सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम !